नऊ-पाचचा आवाज

श्यामकांत वाईकरांनी घरातली कोठीची खोली रिकामी करायला घेतली, तेव्हा वसुधाने एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"शुक्रवारपर्यंत."

"आणि तांदूळ?"

"पलंगाखाली सरकवू."

"लोणच्याच्या बरण्या?"

"त्यांचा आवाज येत नाही. राहू देत."

लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यामुळे वसुधाने पुढचं काही विचारलं नाही. तिने तांदळाचा डबा उचलला आणि नवऱ्याने रविवारी दुपारी तिच्या कोठीत एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा, स्कूटरच्या दोन बॅटऱ्या, एक छोटा स्पीकर आणि किल्ली देऊन चालणारं, कागदाच्या पट्टीवर रेघ ओढणारं एक टिकटिकतं यंत्र मांडलं, ते दारात उभं राहून पाहिलं. डब्यावर वाईकरांनी लेकीची, लीनाची, लहानपणची दुलई पांघरली. आत गारवा लागता कामा नये, म्हणाले.

वाईकर चंडीगढला सेक्टर तीसमधल्या उपकरणांच्या सरकारी प्रयोगशाळेत होते. गेली तीन वर्षं ते एकच गोष्ट करत होते. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी एक सर्किटची पाटी ते बनवत होते. ती आता तयार होती. प्रश्न होता ती किती चांगली आहे हे मोजण्याचा. मोजण्याची रीत साधी. आत एक अगदी शुद्ध सूर सोडायचा. बाहेर जे येईल त्यातून तो सूर काढून टाकायचा. मागे उरेल ती यंत्राची स्वतःची घाण, म्हणजे थोडी खरखर आणि थोडी विकृती. ही घाण सुरापेक्षा नव्वद डेसिबल खाली असली पाहिजे, अशी दिल्लीच्या समितीची अट होती, आणि समिती शनिवारी येणार होती.

प्रयोगशाळेत आकडा ब्याऐंशीच्या पुढे जात नव्हता. खाली वर्कशॉपचं लेथ, वर पाण्याचा पंप, शेजारी लिफ्टची मोटर. दोष पाटीचा की इमारतीचा, हेच कळेना. म्हणून वाईकरांनी ठरवलं की घरी, बॅटरीवर, शांततेत मोजायचं. सरकारी वस्तू बाहेर न्यायला गेटपास लागतो आणि गेटपासवर तीन सह्या लागतात. तिसऱ्या सहीचे गृहस्थ लुधियानाला मुलीच्या लग्नाला गेले होते. वाईकरांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि पाटी जेवणाच्या पिशवीतून घरी आणली.

ते सेक्टर एकोणीसमध्ये पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत. समोरच्या बंगल्यात हायकोर्टाचे एक जज्ज राहत होते. त्यांच्यापुढे अतिरेक्यांचे खटले चालत, त्यामुळे वर्षभरापासून फाटकावर वाळूची पोती रचलेली होती, पोत्यांमागे बंदुका होत्या आणि एक जीप सदैव उभी असे. पहिले काही दिवस वसुधाला खिडकीत उभं राहायची भीती वाटे. मग तिथला एक जवान तिच्याकडून कढीपत्ता मागून नेऊ लागला आणि भीती जरा कमी झाली. पेपर उघडला की मात्र पुन्हा वाढे.

सोमवारी सकाळी आठला वाईकरांनी यंत्र सुरू केलं आणि आकडा आला एक्याण्णव. त्यांनी दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून वसुधाला हाक मारली. ती येईपर्यंत आकडा पडला होता. स्पीकरमधून आधी "टक" झालं, मग "घुर्रर्र", आणि रेघ पट्टीच्या पार टोकाला जाऊन आली.

"हे काय?" वसुधा म्हणाली.

"तेच शोधायचंय."

पट्टी निदान तासभर सरळ आली, तरच तो आकडा समितीपुढे ठेवता येणार होता. पण तासभर शांतता काही मिळेना. मध्येच कधीतरी घुर्रर्र होई. वाईकर पद्धतशीर माणूस. न कळणारी गोष्ट दिसली की आधी ती लिहून काढायची, ही त्यांची सवय. त्यांनी एक वही केली. ऑफिसात त्यांनी शुक्रवारपर्यंत रजा टाकली आणि कोठीत स्टुलावर बसून आवाजाची वेळ लिहू लागले. आठ चाळीस, दोन छोटे. नऊ पाच, एक लांब, लगेच तीन छोटे. एक दहा, छोटा. चार वीस, लांब. आणि मधल्या वेळात, रात्रीसुद्धा, दर अर्ध्या तासाने एखादा छोटा. मंगळवारी तेच. बुधवारी नऊ पाचचा नऊ अठराला आला, तेव्हा त्यांनी पुढे लिहिलं, 'आज उशीर. का?' गुरुवारी पुन्हा बरोब्बर नऊ पाच. सगळ्यांत त्रासदायक तोच होता, कारण तो सकाळची सगळी शांत वेळ खाऊन टाकी. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी पानाच्या तळाशी लाल शाईने लिहिलं, 'शनिवारच्या आत नऊ-पाचचा उडवायलाच हवा,' आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पण उडवायचा तर तो येतो कुठून हे कळायला हवं. शुक्रवारी सकाळी त्यांनी घरचा ट्रान्झिस्टर घेतला, लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून त्याला जोडली, वही पिशवीत टाकली आणि नऊला पाच मिनिटं कमी असताना ते खाली उतरले.

"हे घेऊन रस्त्यावर फिरणार?" वसुधाने जिन्यातून विचारलं.

"पाचच मिनिटं."

"अहो, पण त्या ट्रान्झिस्टरला तारा दिसतायत."

तारा नसत्या तर उपयोग काय, हे सांगायला वाईकर थांबले नाहीत. त्या दिवसांत बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका म्हणून बसस्टँडपासून सिनेमाच्या पडद्यापर्यंत सगळीकडे सूचना असत. पण हा ट्रान्झिस्टर बेवारस नव्हता, वाईकरांच्या हातात होता, त्यामुळे ती सूचना आपल्याला लागू आहे असं त्यांना वाटलंच नाही. ते चौकट हळूहळू फिरवत, मान तिरपी करून, रस्त्याने चालू लागले. नऊ पाचला घुर्रर्र झालं. उजवीकडे वळलं की वाढत होतं. ते उजवीकडे वळले. आणखी वाढलं. ते आणखी पुढे गेले, आणि आवाज सगळ्यांत मोठा झाला तेव्हा त्यांनी समाधानाने डोळे वर केले. समोर वाळूची पोती होती, आणि पोत्यांवरून तीन बंदुका त्यांच्या छातीकडे पाहत होत्या.

"नीचे रखो," एक आवाज म्हणाला. "धीरे से."

कढीपत्ता नेणारा जवान त्यांच्यात होता. त्यानेही ओळख दाखवली नाही.

पुढच्या दहा मिनिटांत जज्जसाहेबांची निघालेली गाडी परत आत गेली, रस्ता दोन्ही बाजूंनी बंद झाला आणि इन्स्पेक्टर हरकीरत सिंग येऊन पोहोचले. उंच, शांत माणूस. त्यांनी वाईकरांना जीपच्या बॉनेटशेजारी उभं केलं, पिशवीतून वही काढली आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. वही मराठीत होती, पण लिपी तर हिंदीचीच. आकडे कुठल्याही भाषेत आकडेच. वाचता वाचता इन्स्पेक्टरांचा चेहरा बदलत गेलेला वाईकरांना दिसला.

"आठ चालीस," इन्स्पेक्टर म्हणाले. "आठ चालीस को हमारी पायलट जीप तैयार होती है. नौ पाँच को साहब निकलते हैं. एक दस को खाना आता है." त्यांनी पान उलटलं. "बुधवार को टायर पंक्चर था. तेरह मिनट लेट. ये भी लिखा है."

आपण चार दिवस कसली नोंद करत होतो, हे वाईकरांना आता पहिल्यांदा कळलं. तो आवाज जीपमधल्या वायरलेसचा होता. प्रत्येक हालचालीआधी शिपाई वायरलेसचं बटण दाबत आणि प्रत्येक बटण त्यांच्या कोठीत घुर्रर्र करून जाई.

"सर, मैं समझाता हूँ," ते म्हणाले. "मैं शोर नाप रहा था."

"शोर." इन्स्पेक्टरांनी शेवटचं पान त्यांच्यासमोर धरलं. "और ये? शनिवार. नौ पाँच. और ये शब्द, 'उडवायला'. इसका हिंदी में क्या होगा?"

हिंदीत त्याचं काय होतं, हे वाईकरांना माहीत होतं.

त्यांनी प्रयोगशाळेत फोन करायला सांगितलं. त्यांचे साहेब समितीला आणायला दिल्लीला गेलेले. फोन स्टोअरच्या कारकुनाने घेतला. वाईकर नावाचे गृहस्थ आहेत, तो म्हणाला, पण ते रजेवर आहेत. आणि इथून कुठलंही उपकरण बाहेर गेलेलं नाही, गेटपासचं रजिस्टर समोरच आहे. हे त्याने दोनदा सांगितलं, कारण रजिस्टर चोख ठेवण्याचा त्याला अभिमान होता.

तेवढ्यात घराची झडती घ्यायला वर गेलेले दोन शिपाई घाईघाईने जिना उतरले. त्यांच्यामागून वसुधा आणि लीना. शिपायाने इन्स्पेक्टरांच्या कानाशी सांगितलं, पण वाईकरांना ऐकू आलं. कोठीत दुलईखाली एक पत्र्याचा डबा आहे. तारा आहेत. बॅटऱ्या आहेत. आणि टिकटिक चालू आहे.

इन्स्पेक्टरांनी लीनासमोर वाकून मऊ आवाजात विचारलं, "बेटा, पापा उस कमरे में क्या करते हैं?"

दहा वर्षांची लीना मराठी समजत असे, पण बोलायची हिंदीच. "चुप्पी नापते हैं," ती म्हणाली.

"क्या नापते हैं?"

"चुप्पी. और फिर चिढ़ जाते हैं."

चंडीमंदिरच्या छावणीतून लष्कराचं बाँब निकामी करणारं पथक आलं, तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. आजूबाजूची आठ घरं रिकामी झाली होती आणि बायका, म्हातारे, एक कुत्रा असे सगळे कोपऱ्यावरच्या बागेत उभे होते. पथकाच्या सुभेदाराने उतरताच पहिली आज्ञा दिली की गल्लीतले सगळे वायरलेस बंद. बाँबच्या तारा अँटेनाचं काम करतात, जवळ कुणी बटण दाबलं तर तो तिथेच फुटायचा. बटणं बंद झाली. मग सुभेदाराने आपलं नाव सांगितलं, आणि वाईकरांच्या जिवात जीव आला. दिगंबर शेलार, गाव कोरेगाव, जिल्हा सातारा.

"शेलारसाहेब," वाईकर म्हणाले, "देवासारखे आलात. यांना जरा सांगा हो. मराठीत आवाज उडवायचा म्हणजे काढून टाकायचा, एवढंच. ही वही वाचा."

शेलारांनी वही घेतली. लाल शाईचं वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं.

"हितं आवाज कुठं लिवलाय?" ते म्हणाले. "नऊ-पाचचा उडवायला हवा, एवढंच हाय."

"तो गृहीत धरायचा."

"आमच्या गावाकडं बी उडवायचा म्हंजे उडवायचाच, साहेब." त्यांनी वही इन्स्पेक्टरांना परत दिली. मग दुर्बिणीतून कोठीच्या झरोक्याकडे बराच वेळ पाहिलं. "हलवायचा धोका घेत न्हाई. डब्याला सुरुंगाची छोटी पुडी लावू आणि जागच्या जागी फोडू. भिंतीला पोती लावा."

वाईकरांना आतापर्यंत अटकेची भीती वाटत होती. ती क्षणात गेली आणि तिच्या जागी दुसरीच आली. तीन वर्षं. रात्री स्वप्नातही दिसणारी ती पाटी, जपानहून आठ महिन्यांनी आलेली तिच्यावरची चिप. ते सुभेदारांच्या पुढ्यात आडवे झाले नाहीत एवढंच. "मला वर जाऊ द्या," ते म्हणाले. "मी उघडून दाखवतो. एकटा जातो. बाँब असला तर मीच मरेन."

"आन् नसंल तर तुमी पुरावा मोडाल," शेलार म्हणाले. "न्हाई."

"वसुधा, तू तरी सांग."

वसुधा इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. ती पुढे आली आणि इन्स्पेक्टरांना हिंदीत म्हणाली, "इनसे घर में झुरळ भी नहीं मरता. मुझे मारना पड़ता है." झुरळाला हिंदीत काय म्हणतात ते तिला त्या क्षणी आठवलं नाही. इन्स्पेक्टरांनी शेलारांकडे पाहिलं. शेलारांनी अर्थ सांगितला. मनात नसताना इन्स्पेक्टरांनी मान हलवली, पण पोती वर जातच राहिली.

दहा बावन्नला शेलारांचा माणूस जिन्याच्या पायथ्याशी पुडी हातात घेऊन उभा होता. गल्लीत इतकी शांतता होती की बागेतल्या कुत्र्याचं धापा टाकणं ऐकू येत होतं. त्याच वेळी जज्जसाहेबांच्या फाटकावरच्या शिपायाला वाटलं की वर कंट्रोल रूमला आपली काळजी लागली असेल. दर अर्ध्या तासाने कळवायचं असे, आणि सव्वा तास होऊन गेला होता. वायरलेस बंद ठेवायचा, हे त्याने ऐकलं होतं. पण अकरा वर्षं हात ज्या वळणावर जायचा तिथे तो गेला. त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, "सब ठीक है, ओव्हर."

वरच्या झरोक्यातून "टक" झालं. मग "घुर्रर्रर्र".

सगळी गल्ली एका झटक्यात जमिनीवर आली. शेलार, त्यांचे जवान, शिपाई, लीनाला पोटाशी घेऊन वसुधा. इन्स्पेक्टर हरकीरत सिंग जीपच्या चाकामागे पालथे पडले. वाळूची पोती वाहून नेणारे दोघे पोत्यांसकट पडले. डोक्यावर हात घेऊन सगळे वाट पाहू लागले.

वाईकर एकटेच उभे होते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"दहा बावन्न," ते म्हणाले. "छोटा."

काहीच फुटलं नाही. टिकटिक चालू होती. बऱ्याच वेळाने शेलारांनी मान वर केली, तोंडातली माती थुंकली आणि कोपरावर टेकून विचार केला.

"बाँब असता तर आत्ता गेला असता," ते म्हणाले. "वीस फुटांवर बटण दाबलंय." मग त्या शिपायाकडे बघत त्यांनी सातारी भाषेत जे म्हटलं ते फक्त वाईकर कुटुंबालाच कळलं, आणि वसुधाने लीनाच्या कानांवर हात ठेवले.

शेलार एकटे वर गेले. चार मिनिटं गेली. मग झरोक्यातून त्यांचा आवाज आला. "साहेब, वर या. हितं एक पाटी हाय, बॅटऱ्या हायत आन् कैरीचं लोणचं. बाकी काय न्हाई."

इन्स्पेक्टर आणि वाईकर वर गेले. वाईकरांनी डब्याकडे पाहिलं, तो शाबूत होता. मग त्यांची नजर कागदाच्या पट्टीवर गेली आणि ते तिथेच खाली बसले. साडेनऊनंतर, म्हणजे सगळे वायरलेस बंद झाल्यापासून, पट्टीवर एकच सरळ रेघ होती. तासाहून जास्त. दहा बावन्नपर्यंत मध्ये एकही उडी नाही. आकडा एक्याण्णवच्या वर.

"तबीयत ठीक है?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"सर," वाईकर भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "इतनी अच्छी शांति मुझे तीन साल में नहीं मिली."

हरकीरत सिंग स्टुलावर बसले. त्यांनी पगडीवरची धूळ झटकली आणि वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. आता ते वेगळ्याच मनाने वाचत होते, हे दिसत होतं. "चार दिन," शेवटी ते म्हणाले. "एक बिस्किट का डिब्बा. खिड़की से बाहर भी नहीं देखा. और आपको सब पता चल गया." त्यांनी वही मिटली. "आपको पता चल सकता है, तो किसी और को भी." त्यांनी वही आपल्या पिशवीत घातली. ती आता गोपनीय, म्हणाले. वाईकरांनी नुसती मान डोलावली. समोरच्या बंगल्यातला माणूस रोज सकाळी नऊ पाचला, सगळ्या शहराला कळेल अशा वेळी, घराबाहेर पडत होता.

शनिवारी समितीने पट्टी पाहिली आणि पाटी मान्य केली. एका सदस्याने दहा बावन्नच्या उडीवर बोट ठेवलं. "ये क्या है?"

"पोलीस, सर."

दिल्लीच्या माणसाने समजून मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. पाठोपाठ स्टोअरकडून गेटपासबद्दलचा मेमो आला, तो वाईकरांनी आनंदाने सही करून घेतला.

पाच आठवड्यांनी इन्स्पेक्टर साध्या कपड्यांत घरी आले. वसुधाने चहा केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाईकरजी, आपका वो डिब्बा अभी यहीं है?"

"एक दुसरी पाटी आहे. पुन्हा मोजतोय," वाईकर हिंदीत म्हणाले. "या वेळी गेटपास घेऊन."

"अच्छा. तो बताइए, साहब आजकल कितने बजे निकलते हैं?" त्यांच्या मिशीआड हसू होतं. वेळा त्यांनी स्वतः बदलल्या होत्या, रोज चिठ्ठी काढून.

वाईकर संकोचले. "वेळ नाही सांगता येत," ते म्हणाले. "रोज वेगळी असते."

"पक्का?"

"पक्का. फक्त निघायच्या बारा मिनिटं आधी तुमचा माणूस वायरलेसचा सेट चालतो की नाही हे तपासतो. तीन छोटे. वेळ कुठलीही असो, तीन छोटे झाले की बारा मिनिटांनी गाडी. आणि गुरुवारी ते मागच्या फाटकाने जातात, कारण त्या दिवशी आवाज निम्मा येतो."

हरकीरत सिंगांनी कप खाली ठेवला. "ये कहाँ लिखा है आपने?"

"कुठेच नाही. वही तुम्ही घेतलीत ना. लिहायचंही नव्हतं. पण आता ऐकलं की लक्षात राहतं."

इन्स्पेक्टरांनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. वही जप्त करता येते. मग ते वसुधाकडे वळले आणि लीनाच्या शाळेला सुट्टी कधी लागते, हे त्यांनी फार आपुलकीने विचारलं.

"जूनमध्ये. पण गावाला जाणं होत नाही. अंबाल्याहून झेलम एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन मिळतंय कुठे? सहा वर्षं वेटिंग लिस्टच बघतोय."

चौथ्या दिवशी एक हवालदार आला आणि दारातच एक पाकीट देऊन गेला. पुण्याची तीन तिकिटं, तिन्ही बर्थ पक्के, एक खिडकीजवळचा. सोबत चिठ्ठी होती की इन्स्पेक्टरसाहेबांच्या मते हवापालट पूर्ण सहा आठवड्यांचा असावा.

वसुधाने तिकिटं दोनदा उलटून पाहिली, तारखा तपासल्या आणि देवापुढे नेऊन ठेवली. मग ती कोठीच्या दारात आली. वाईकर स्टुलावर बसले होते.

"आल्यावर पुन्हा थोडं ऐकत चला," ती म्हणाली. "दिवाळीचंही रिझर्व्हेशन बघायचंय."